‘बिहारात कधी राहिला होतात का?’ असे विचारणाऱ्या डॉक्टरांस

आदरणीय डॉक्टर मॅडम,

सा. न. वि. वि.

माझा धाकटा भाऊ २०१८ साली आपल्या दवाखान्यात आला, तेव्हा सात महिने घेतलेल्या कुष्ठरोगाच्या गोळ्यांची रिकामी पाकिटे त्याच्या पिशवीत होती आणि चेहऱ्यावरचे डाग होते तसेच होते. आपण ती पाकिटे बाजूला ठेवलीत, त्याचा चेहरा उजेडाकडे वळवलात आणि विचारलेत, ‘बिहारात किंवा बंगालकडे कधी राहिला होतात का?’ तोवर हा प्रश्न त्याला कोणीही विचारला नव्हता. तो तीन वर्षे बिहारातील सारण जिल्ह्यात रस्त्याच्या कामावर सुपरवायझर होता आणि २०१५ मध्ये तेथेच त्याला काळा आजार, म्हणजे वाळूमाशीच्या चाव्यातून पसरणारा लांबलेल्या तापाचा आजार, झाला होता. सलाइनमधून औषधाचा एकच डोस घेऊन तो बरा झाला आणि घरी परतला. बरे झालेल्या तापाचा दोन वर्षांनी उठणाऱ्या डागांशी संबंध असेल, हे त्याच्या मनातही आले नाही.

आपण त्याला डोळे मिटायला सांगून कापसाच्या वातीने एकेका डागाला स्पर्श केलात आणि कुठे लागले ते बोटाने दाखवायला सांगितलेत. त्याने प्रत्येक जागा अचूक दाखवली. कोपराजवळची नसही आपण चाचपून पाहिलीत. ती जाड झालेली नव्हती. कुष्ठरोगात बधिर होणारी त्वचा येथे पूर्ण जागी होती. आधीच्या ठिकाणी डाग पाहूनच निदान झाले होते. त्या गोळ्यांपैकी एकीने त्वचा काळवंडते, म्हणून वाडीत कुजबूज वाढली, आणि त्या वर्षी शिमग्यात तो पालखीला खांदा द्यायला गेला नाही. आईने त्याचे ताट वेगळे ठेवायला सुरुवात केली होती. हे लिहिताना आजही हात जड होतो, पण कापसाच्या त्या वातीने आमच्या घरातले काय बदलले, हे एरवी आपल्याला कळणार नाही.

बोटाच्या थेंबभर रक्ताची पट्टीवरची तपासणी त्याच दिवशी झाली. मी ती पाहून लगेच खात्री मानू लागले, तेव्हा आपण मला थांबवलेत. ही पट्टी एकदा काळा आजार झालेल्या माणसात पुढे कित्येक वर्षे ‘आजार आहे’ असाच कौल देऊ शकते. तिच्यावरून संशय बळावतो, निदान पक्के होत नाही, असे आपण सांगितलेत. म्हणून हनुवटीवरच्या बारीक गाठीतून नमुना घेऊन तो रंगवला गेला. मी शाळेत विज्ञान शिकवते हे कळल्यावर आपण मला सूक्ष्मदर्शकाजवळ बोलावलेत. मोठ्या पेशींच्या पोटात लहान लंबगोल ठिपके होते आणि प्रत्येक ठिपक्यात एक गोल केंद्रक व त्याशेजारी एक बारीक काडी होती. काळ्या आजाराचे हेच परजीवी १९०३ मध्ये लिशमन आणि डोनोव्हन यांनी स्वतंत्रपणे नोंदवले, आणि काळ्या आजारानंतर त्वचेवर उठणाऱ्या या विकाराचे वर्णन उपेंद्रनाथ ब्रह्मचारी यांनी १९२२ मध्ये कोलकात्यात केले, हे मी घरी येऊन वाचले. वीस वर्षे विज्ञान शिकवूनही यातले काहीच मला ठाऊक नव्हते.

परंतु मी आपली सर्वांत जास्त ऋणी आहे ती त्यानंतरच्या अर्ध्या तासासाठी. ‘औषध घेऊन बरा झालेला माणूस पुन्हा आजारी का पडला?’ या माझ्या प्रश्नावर आपण औषधाच्या चिठ्ठीच्या मागच्या बाजूला चित्र काढून उत्तर दिलेत. डासाहूनही लहान असलेली वाळूमाशी चावते, परजीवी त्वचेत उतरतो आणि त्याला गिळून मारायला आलेल्या भक्षकपेशीतच मुक्काम करतो. या पेशीला मारण्याची ताकद असते, पण ती जागी होण्यासाठी टी-पेशींकडून, म्हणजे प्रतिकाराची सूत्रे हलवणाऱ्या पांढऱ्या पेशींकडून, इंटरफेरॉन गॅमा हा निरोप यावा लागतो. तो पोचला की पेशी नायट्रिक ऑक्साइड तयार करते आणि परजीवी मरतो. काळ्या आजारात हा निरोप दबून जातो, कारण इंटरल्यूकिन-१० सारखे शांत करणारे संदेश वरचढ ठरतात. शरीर प्रतिपिंडे भरमसाट तयार करते, पण पेशीच्या आत दडलेल्यापर्यंत ती पोचत नाहीत. परजीवींनी भरलेल्या पेशींमुळे प्लीहा फुगते, तिची आतली रचना विस्कटते आणि रक्तातील पेशी घटत जातात. भावाच्या पोटात डाव्या बाजूला लागणारा तो दगडासारखा गोळा म्हणजे काय होते, ते मला तीन वर्षांनी समजले.

औषधाने बहुतेक परजीवी मरतात, टी-पेशी सावरतात, आणि त्वचेत मागे उरलेल्या थोड्या परजीवींवर त्या तुटून पडतात. तेथे लसिकापेशी, प्लाझ्मापेशी आणि भक्षकपेशी अशा प्रतिकाराच्या पेशींची गर्दी होते, त्या दाहात त्वचेचा रंग फिकटतो, कुठे गाठी येतात. म्हणजे भावाच्या चेहऱ्यावर दिसत होते ते बऱ्याच अंशी त्याच्याच शरीराने उशिरा सुरू केलेले युद्ध होते. मला आमच्याकडची भाजावळ आठवली. राब जाळल्याशिवाय भाताची रोपे नीट येत नाहीत, पण वारा फिरला आणि आग बांध ओलांडून गेली, तर शेजारची कलमेही होरपळतात. मी हे बोलून दाखवले, तेव्हा आपण अशाच परजीवीमुळे होणाऱ्या आजाराच्या दक्षिण अमेरिकेतल्या प्रकाराविषयी सांगितलेत. तेथे नाकातोंडाच्या आतल्या त्वचेत परजीवी अगदी मोजके सापडतात, तरी प्रतिकारशक्तीच्या अतिरेकाने नाकाच्या मधल्या पडद्याची कूर्चा झिजून भोक पडते. हा भाग मी आता दहावीच्या मुलांना आवर्जून सांगते, कारण पाठ्यपुस्तक वाचून मुलांना वाटते की रोगाने होणारी सगळी हानी जंतूच करतो.

आपण आम्हाला दिलासा दिलात, पण खोटा दिला नाहीत, याचे मोल मला वेगळे वाटते. एका ताटात जेवल्याने किंवा स्पर्शाने हा आजार होत नाही, हे आपण आईला समोर बसवून सांगितलेत. आणि त्याच बैठकीत हेही सांगितलेत की अशा डागांतून वाळूमाशी परजीवी उचलू शकते, म्हणून त्रास होत नसला तरी उपचार अर्धवट सोडायचे नाहीत. परजीवी मारणाऱ्या मिल्टेफोसिनच्या गोळ्या १२ आठवडे घेणे सोपे नव्हते. पहिल्या पंधरवड्यात त्याला रोज मळमळ होई आणि दोनदा त्याने गोळ्या बंद करायचे ठरवले. जेवणानंतरच गोळी घ्या आणि उलटी झाली तर मला कळवा, असे आपण बजावले होते. मी कळवत राहिले, आणि आपण प्रत्येक वेळी फोन उचललात. डाग लगेच जाणार नाहीत, दाह निवायला आणि रंग परतायला वर्षभर लागू शकते, हेही आधीच सांगून ठेवल्यामुळे १२ आठवड्यांनंतर आरशात फरक दिसेना, तरी तो खचला नाही.

हे पत्र जाहीरपणे लिहिण्यास भावाची संमती आहे. किंबहुना आग्रह त्याचाच आहे. आमच्या किनाऱ्यावर हा आजार नाही, त्यामुळे येथे तो कोणाच्या डोळ्यांसमोर पटकन येत नाही. पण बिहार, झारखंड, पश्चिम बंगाल आणि उत्तर प्रदेशाच्या पूर्व भागात कामासाठी राहून आलेली माणसे येथे आहेत, आणि तिकडून येऊन आमच्या बांधकामांवर, बागांत राबणारी माणसेही आहेत. त्यांच्यापैकी कोणाच्या चेहऱ्यावर न बधिरणारे फिकट डाग असतील, तर पूर्वीच्या तापाची हकिगत त्यांनी डॉक्टरांना न विचारताही सांगावी, एवढेच त्याला कळवायचे आहे.

चिठ्ठीमागचे ते चित्र मी जपून ठेवले आहे. हनुवटीवरची एक खूण अजून बारीकशी दिसते. ती निव्वळ खूण आहे की आणखी काही, हे आपल्याला दाखवायला तो गणपतीनंतर येणार आहे.

आपली ऋणी,
आपल्या रुग्णाची थोरली बहीण
जिल्हा रत्नागिरी