ज्यो, तो चार्ट मी भरला होता

प्रिय ज्योती,

फोन करायचा म्हटलं की नर्सिंग स्कूलमध्ये तुझा तास चालू असतो नाहीतर माझी नाइट, म्हणून लिहितेय. मोठं होणार आहे पत्र, सवडीने वाच, पण वाच नक्की, कारण हे मी इथे कुणाला बोललेले नाहीये.

गेल्या महिन्यात ऑर्थोच्या मेल वॉर्डला होते. ४२ पेशंट, खाली गाद्या टाकून झोपवलेले वेगळेच. रात्रीला आम्ही दोघी स्टाफ आणि एक वॉर्डबॉय मामा, तोही दोन वॉर्ड मिळून. १७ नंबरच्या बेडवर एक आजोबा होते, खुब्यात फ्रॅक्चर, ट्रॅक्शन, म्हणजे पायाला वजन बांधून ताण दिलेला, ऑपरेशनसाठी फिटनेस मिळेना म्हणून ऑपरेशन पुढे पुढे चाललेलं. अकराव्या दिवशी सकाळी चादर बदलायला त्यांना उचललं तर माकडहाडावर नाण्याएवढी जागा फाटलेली, बेडसोर, एकाच जागी पडून झालेली जखम, आत ओलं, आणि तो वास तुला माहितीये. आजोबा म्हणाले, "सिस्टर, आठ दिस झाले तिथं आग होतीय, पर तुम्ही सारख्या पळतच असता, कुणाला सांगावं."

त्या आठ दिवसांतल्या चार नाइट माझ्या होत्या. चारही रात्रींचा पोझिशन चार्ट, दर दोन तासांनी पेशंटची कूस बदलल्याची नोंद, पूर्ण भरलेला आहे. दहा, बारा, दोन, चार, सहा. डावी कूस, उताणं, उजवी कूस. अक्षर माझं, सही माझी. आणि ज्यो, ट्रॅक्शन असताना पेशंटला असं पूर्ण कुशीवर कोण वळवतं? थोडं कलतं करायचं, कंबर उचलून पाठ बघायची, उशी लावायची, एवढंच. म्हणजे तो चार्ट वाचला असता तरी कुणालाही कळलं असतं की हे खोटं आहे. सुपरव्हिजनला आलेल्यांनी बघितला, डॉक्टरांनी फाइल चाळली, कुणालाच कळलं नाही, कारण तो वाचायचा कागद उरलेलाच नाहीये, इन्स्पेक्शनला दाखवायचा कागद झालाय.

मी हिशोब मांडून बघितला, स्वतःला सोडवायला नाही, खरंच. स्वतःहून हलता न येणारे ९ पेशंट होते. एकाला दोघींनी मिळून सरकवायचं, पाठ पुसायची, चादर ओढून सरळ करायची, उशी लावायची, तर १० मिनिटं जातातच. म्हणजे ९० मिनिटं. आणि दोन तासांनी परत तेच, म्हणजे १२० मिनिटांतली ९० दोघीही फक्त त्यातच अडकणार. राहिलेल्या अर्ध्या तासात इंजेक्शनं, सलाईन, अॅक्सिडेंटचं नवीन अॅडमिशन, आणि ब्लड चालू केलं तर पहिली १५ मिनिटं पेशंटजवळून हलायचं नाही असं तुम्हीच मुलींना शिकवता, ते. जनरल वॉर्डला ६ पेशंटमागे १ स्टाफ, आयसीयूला १ ला १, हे नॉर्म आपण परीक्षेला घडाघड लिहायचो ना. आम्ही एक एक जण २१ बघतोय. २०२२ च्या मे महिन्यात बाह्यस्रोतातून, म्हणजे कंत्राटी भरती नको म्हणून आपण उन्हात बसलो होतो, तेव्हा लोक म्हणत होते सिस्टर लोकांना पगार वाढवून पाहिजे. जागा भरा म्हणत होतो गं आपण.

माणसं कमी पडली की सगळ्यात आधी काय सुटतं ते बघ. इंजेक्शन सुटत नाही, कारण चुकलं तर लगेच दिसतं, मेमो मिळतो. सुटतं ते पाठ बघणं, तोंड स्वच्छ करणं, चमच्याने चार घास भरवणं. त्याची चूक आठ दिवसांनी वर येते आणि तोपर्यंत ड्यूटी बदललेली असते.

पण हे पत्र लिहायचं खरं कारण वेगळंच आहे. पहाटे पाच वाजता मी रेकॉर्ड लिहीत बसलेले, तर जीएनएम, म्हणजे नर्सिंग डिप्लोमाच्या थर्ड इयरची एक मुलगी जवळ आली, शांत, कामसू पोरगी. म्हणाली, "मॅडम, पोझिशन चार्ट मी भरून टाकू का? सगळे टाइम एकदमच टाकायचे ना?" तिच्या आवाजात भीती नव्हती, चोरी नव्हती. तिला वाटत होतं चार्ट असाच भरतात, ही प्रोसिजर आहे. टीपीआर (ताप, नाडी, श्वास) घ्यायला शिकली तशी हे पण शिकली, आणि माझ्यासारख्यांकडूनच शिकली. मी पेन खाली ठेवलं, पण तिला काय सांगावं ते मला सुचलंच नाही.

तू शिकवतेस म्हणून तुला विचारते. आपल्याला बॅक केअर कशी शिकवली होती आठवतं? स्पिरिट, पावडर, आणि लाल झालेल्या जागेवर चोळून मसाज. आता आपल्याला माहितीये की स्पिरिटने कातडी कोरडी पडते आणि हाडावरच्या लाल झालेल्या जागेवर चोळलं तर आतलं अजून दुखावतं, तरी प्रॅक्टिकलच्या ट्रेमध्ये ती स्पिरिटची बाटली नसली तर मार्क कापणारे परीक्षक आहेतच. ग्लोव्हमध्ये पाणी भरून टाचेखाली ठेवणं पण तसंच, आमच्याकडे अजून चालतं. त्याने काही होत नाही, पोटरीखाली उशी घालून टाच अधांतरी ठेवायची असते. बेडसोरचा धोका मोजायच्या ब्रेडन स्केलचे सहा मुद्दे मुली पाठ म्हणतात, एकूण २३ मार्क, १८ किंवा त्याखाली आला तर रिस्क, सगळं बरोबर, पण त्याच मुलीला पेशंटची पाठ दाखवली तर कुठे बघायचं ते कळत नाही.

आणि एक गोष्ट मला स्वतःला इतक्या वर्षांनी कळली याची लाज वाटते. पुस्तकात बेडसोरच्या पहिल्या स्टेजचा फोटो गोऱ्या कातडीचा असतो, लाल डाग, बोट दाबलं तरी पांढरा न होणारा. आमचे आजोबा उन्हात रापलेले, सावळे. त्यांच्या पाठीवर लाल काही दिसणारच नाही. तिथे हात लावून बघायचं, शेजारच्या कातडीपेक्षा गरम लागते का, टणक किंवा पिचपिचीत लागते का, जास्त काळपट आहे का, दुखतं का. आपले बहुतेक पेशंट असेच आणि आपण लाल शोधत बसतो. हे वर्गात सांगतेस का तू? नसशील तर उद्याच सांग प्लीज.

अरुणा शानबागची आठवण येतेच अशा वेळी, मुंबईच्या केईएमचीच ती सिस्टर, हल्ल्यानंतर अंथरुणाला खिळलेली. १९७३ च्या नोव्हेंबरपासून २०१५ च्या मेपर्यंत, जवळजवळ ४२ वर्षं केईएमच्या सिस्टर्सनी तिला सांभाळलं. २०११ मध्ये सुप्रीम कोर्टाने नेमलेल्या डॉक्टरांनी तपासलं तेव्हा इतकी वर्षं अंथरुणात असलेल्या बाईला एकही बेडसोर नव्हता. लोक तिच्यावर बोलतात ते इच्छामरणावर, मला मात्र तिची पाठ दिसते. पिढ्या बदलल्या, मेट्रन बदलल्या, आणि रोज कुणीतरी ती पाठ बघत राहिलं. नर्सिंग म्हणजे काय असं कुणी मला विचारलं तर मी हेच सांगेन, यापेक्षा मोठी व्याख्या माझ्याकडे नाही.

आजोबांचं सांगायचं राहिलं. मी इन्चार्ज सिस्टरांना सगळं खरं सांगितलं, चार्टचं पण. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, उद्यापासून जेवढं केलं तेवढंच लिहायचं, नाही झालं तर "स्टाफअभावी झाले नाही" असं लिहायचं, बघू काय होतं ते. तेव्हापासून मी तसंच लिहितेय. एअर मॅट्रेस एकच होती, ती त्यांना दिली. आणि आजोबांची बायको, ती आजी, मेल वॉर्ड म्हणून रात्री तिला बाहेर व्हरांड्यात झोपावं लागायचं, तिला आम्ही आत बोलवायला लागलो. तिने काय केलं माहितीये, आपलं जुनं लुगडं चौपदरी करून आजोबांच्या कंबरेखाली घातलं, एका बाजूने ती धरायची, दुसऱ्या बाजूने मी, आणि ओढायचं नाही, उचलायचं. दोन मिनिटांत काम. लॅबमधल्या पुतळ्यावर ड्रॉ शीट, म्हणजे पेशंटला उचलायची आडवी चादर, शिकलो होतो आपण, पण इतक्या हलक्या हाताने मी ते कधी केलं नव्हतं. जखम आता भरत आलीये, गुलाबी दिसतेय खालून.

तुझी ती पासआऊट मुलगी महिना १२ हजारावर लागल्याचं वाचून वाईट वाटलं. २०१६ साली सुप्रीम कोर्टाने सांगितल्यावर नेमलेल्या कमिटीने ५० पेक्षा कमी बेडच्या खाजगी हॉस्पिटललाही २० हजाराच्या खाली जाऊ नका म्हटलं होतं, तिला ते सांगून ठेव, निदान मागताना मान खाली जायला नको.

एक मागायचंय. तुझ्या मुलींची पोस्टिंग आमच्याकडे लागली तर एका बेडभोवती अकरा जणी उभ्या करून केअर प्लॅनच्या रंगीत फायली लिहायला लावू नकोस. मला दोन दोन मुली दे, नाइटला. फायली नकोत, नखं कापलेली असू देत आणि हात गरम. रोज नऊ पाठी बघायच्या आणि जेवढ्या बघितल्या तेवढ्याच चार्टवर लिहायच्या, बाकी मी शिकवते. माझी पुढची नाइट १९ तारखेला सुरू होतेय. तुमच्या प्रिन्सिपल मॅडमना विचारून कळव, म्हणजे मी इथे इन्चार्ज सिस्टरांशी बोलून ठेवते.

काकूंच्या गुडघ्याचं काय झालं ते पण लिही.

तुझी,
रेखा