वहीतलं ते पान

ती. आई-बाबांना सा. नमस्कार,

रविवारी न्यूयॉर्कजवळच्या स्लीपी हॉलोला जाऊन तेलसम्राट जॉन डी. रॉकफेलरांचा वाडा बघून आलो. नाव कायकट. वाडा टेकडीवर, खाली हडसन नदी. आई, तू बागेतून हलली नसतीस. तळघरात पिकासोच्या चित्रांवरून विणलेले भलेमोठे गालिचे भिंतींवर टांगलेत. ती नातवाची, नेल्सनची हौस. हा न्यूयॉर्कचा गव्हर्नर, पुढे अमेरिकेचा उपाध्यक्ष. एक भाऊ आर्कान्सॉचा गव्हर्नर, एक चेस मॅनहॅटन बँकेचा प्रमुख. घरात सगळंच!

मला मात्र बाबाच आठवत होते. म्हातारे जॉन डी. सोळाव्या वर्षी, २६ सप्टेंबर १८५५ला, क्लीव्हलंडच्या एका पेढीवर हिशेबनीस म्हणून लागले. तेव्हापासून पै-पैची नोंद, चर्चला दिलेली चिल्लरसुद्धा. नोकरी लागली तो दिवस ते दरवर्षी सणासारखा पाळायचे. मुलाने नातवंडांच्याही हाती वह्या दिल्या, हिशेब चुकला की पाच सेंट दंड. (बाबा, तुम्ही दंड नाही केलात, पण सहलीच्या वीस रुपयांतले तीन कुठे गेले ते अजून विचारता.)

म्हणून काही माणूस साधा ठरत नाही. रेल्वे कंपन्यांकडून छुप्या सवलती घेऊन त्यांनी तेलाच्या धंद्यात इतरांना जेरीस आणलं. शेवटी १९११ला सुप्रीम कोर्टाने स्टँडर्ड ऑइलचे ३४ तुकडे केले. १९१४ला कोलोरॅडोत लडलोला, त्यांच्या कुटुंबाचा मोठा हिस्सा असलेल्या कोळसा कंपनीतल्या संपकऱ्यांचे तंबू जाळले, तेव्हा तंबूखालच्या खड्ड्यात दोन बायका आणि अकरा मुलं गुदमरून गेली. हे कुठल्या रकान्यात लिहायचं?

आणि त्याच पैशातून १९१३ला रॉकफेलर फाउंडेशन निघालं. कोविडमध्ये रोज बातम्यांत असायची ती आपली पुण्यातली एनआयव्ही, ती १९५२ला याच फाउंडेशनच्या मदतीने सुरू झाली. तेव्हा नाव होतं व्हायरस रिसर्च सेंटर. आंबेडकर रोडवरून शंभरदा गेले असेन, कधी डोक्यात आलं नाही.

आता खरं कारण. दिवाळीला आले होते तेव्हा बाबांची वही चाळली. मी पाठवते ते पैसे तारखेसकट 'देणे' या बाजूला मांडलेत. माझ्या नावापुढे! वाण्याच्या उधारीखाली! आई, तुला हे माहीत होतं ना? म्हणूनच गप्प होतीस.

मी तेव्हा काही बोलले नाही, रात्री गच्चीवर जाऊन रडले. बाबा, माझ्या कॉलेजच्या फीचा हिशेब तुम्ही कुठल्या वहीत ठेवलात? मी शोधला, सापडला नाही.

ते पान खोडा. खाडाखोड तुम्हाला खपत नाही हे माहीत आहे, तर निदान त्यापुढे 'गुडघा' असं लिहून पैसे खर्ची टाका. फिजिओथेरपीवाला सोमवारपासून घरी येणार आहे, आईशी बोलून ठरवलंय. त्याला दाराबाहेरून परत पाठवू नका.

तुमची,
चिमी