सातबाऱ्यावर नाव नसलेल्या उद्योजिका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

खरीप तोंडावर आला की आमच्या बचत गटातल्या बायका सोयाबीनची उगवण तपासायला बसतात. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळींत १०० दाणे मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची. आठवड्याने ७० किंवा जास्त कोंब आले, तर ते बियाणे पेरणीला. सोयाबीनचे घरचे बियाणे दोन-तीन वर्षे सहज चालते, बॅगांचा खर्च वाचतो. त्याच वाचलेल्या पैशातून गटाने गांडूळ खताचे बेड घातले. आता खत आणि दशपर्णी अर्क (झाडपाल्यापासून केलेले कीडनाशक) शेजारच्या गावांतही विकतो.

मराठवाड्यात हे नवे नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर घरे उभी करता करता लातूर-धाराशिवच्या अनेक बायका चारचौघांत बोलायला लागल्या. त्याच कामातून घडलेल्या ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ संस्थेने पुढे एक एकर शेतीची पद्धत रुजवली. घरच्यांकडे अर्धा-एक एकर मागून घ्यायचा आणि त्यात कमी पाण्यावरची कडधान्ये, भाजीपाला रासायनिक खताशिवाय पिकवायचा. संस्थेला २०१६ साली संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. मला मात्र त्या मागण्याचेच मोल जास्त वाटते. सासऱ्यासमोर उभे राहून ‘या एकरात काय पेरायचे ते मी ठरवीन’ म्हणणे सोपे नसते.

एवढे करूनही कागदावर आम्ही शेतकरी नाही. पीककर्ज, अनुदान, शेतकरी ओळख क्रमांक, सगळे सातबाऱ्यावर अडते. ठिबकची चौकशी करायला गेले, तर ‘मालकांना पाठवा’ असे उत्तर मिळाले. शेतकऱ्यांनी मिळून काढलेल्या उत्पादक कंपनीच्या कायद्यात सभासदाच्या नावावर जमीन असावी अशी अट नाही. तरी आमच्या भागात शेअर घेताना पहिला कागद सातबाराच मागतात. मग संचालक कोण होणार, हे उघड आहे.

शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची, म्हणजे बायकोच्या नावावर जमीन करण्याची, हाक दिली, त्याला तीन दशके उलटली. त्याच नावाची सरकारी योजनाही आहे. नवऱ्याने अर्ज केला की बायकोचे नाव सहहिस्सेदार म्हणून सातबाऱ्यावर लागते. गावात विचारा, किती जणांना ती ठाऊक आहे! २०२६ हे संयुक्त राष्ट्रांनी महिला शेतकरी वर्ष जाहीर केले आहे. निदान त्यानिमित्ताने मृगाआधी प्रत्येक सज्जात तलाठ्यांनी या अर्जांसाठी एक दिवस द्यावा. आमच्या गटातली सात जोडपी अर्ज भरून तयार आहेत.

– बचत गटाची एक सभासद, जि. लातूर