कोंडा खरवडून बघितलास का?

मालवण,
श्रावण

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र काल मिळालं. कंबरेवरचं इसब मलमाने बसतं आणि मलम थांबवलं की दुप्पट उठतं, हे वाचून राहवेना. माझंही अगदी असंच झालं होतं.

गेल्या वर्षी भातलावणीत जांघेत खाज सुटली. दिवसभर चिखलात, ओले कपडे अंगावरच; पडवीतल्या दोरीवर टाकलेलं कापड चार-चार दिवस वाळत नाही, तुला ठाऊकच आहे. इसब समजून मलम मिळालं. दोन दिवसांत खाज गेली. महिन्याभराने चट्टा पोटापर्यंत आला. मग कुणी सोरायसिस म्हणालं, आणि मी धसकाच घेतला.

निघाला नायटा, म्हणजे कातडीवरची बुरशी. पण ओळखणार कसा? नायट्याची खूण म्हणजे ती गोल, लाल, खवल्यांची कड. बुरशीशी कातडी झुंजते म्हणून ती उठते. मला मिळालेल्या तसल्या स्टेरॉइडच्या मलमाने ती झुंजच मंदावते. लाली ओसरते, कड पुसली जाते, बुरशी मात्र पसरत राहते. ब्रिटिश त्वचातज्ज्ञांनी १९६८ सालीच याला 'टिनिया इन्कॉग्निटो' म्हटलं, म्हणजे वेश पालटलेला नायटा. आणि दुकानात मागितली की मिळणाऱ्या, तीन औषधं एकत्र केलेल्या ट्यूबमध्ये बहुधा क्लोबेटासोल असतं, खूप जोरकस स्टेरॉइड. याचा मला फार राग येतो.

त्वचेच्या डॉक्टरांनी आधी मलम बंद करायला लावलं. मग बोथट पात्याने कडेचा कोंडा काचेवर खरवडून घेतला, वर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे थेंब टाकले. त्यात कातडीच्या पेशी विरघळतात, बुरशीचे तंतू तसेच राहतात. सूक्ष्मदर्शकात त्यांनी मला ते दाखवले: फांद्या फुटलेले बारीक धागे. इतके महिने हेच अंगावर वाढत होतं!

आई टाकळ्याचा पाला लाव म्हणायची. संस्कृतात त्याला दद्रुघ्न म्हणतात, नायटा घालवणारा. तिची माया कळत होती, पण एवढं पसरल्यावर मी बुरशीवरच्या गोळ्याच घेतल्या, त्याही कित्येक आठवडे. हल्ली आपल्याकडे टर्बिनाफिन या बुरशीवरच्या औषधाला दाद न देणारी बुरशीही दिसते, म्हणून मनाने काही घेऊ नकोस. नायटा एकाचा दुसऱ्याला लागतो; वहिनींना खाज आहे का, विचार. पंचा वेगळा ठेव.

मलम कधी थांबवायचं ते मी डॉक्टरांना विचारून कळवतो. थांबवल्यावर लाली वाढेल, घाबरू नकोस. मग कोंडा तपासून घ्यायला देवगडहून पहिल्या एसटीने ये, मी स्टँडवर असेन. ती ट्यूब बरोबर आण, रिकामी असली तरी.

तुझाच