घोळणा फुटलेल्या रुग्णाविषयी मित्रास पत्र

बेळगाव

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

कणकुंबीकडच्या आरोग्य केंद्रात तू रुजू झालास, हे वाचून आनंद झाला. घोळणा फुटलेला रुग्ण रात्री एकट्याने कसा सांभाळावा, असे तू विचारले आहेस, म्हणून येथील कॅज्युअल्टीतील अनुभवावरून सविस्तर लिहितो.

रुग्ण बहुधा मान मागे टाकून, डोक्यावर पाणी ओतून घेतलेला आणि कांदा हुंगत येतो. गिळलेल्या रक्ताने त्याला उलटी झाली की नातेवाईक अधिकच घाबरतात, म्हणून आधी त्याला ताठ बसवून पुढे वाकव, तोंडाने श्वास घ्यायला आणि घशातले रक्त थुंकायला सांग. नाकाचा मऊ भाग दोन बोटांत घट्ट धरून घड्याळ लावून १० ते १५ मिनिटे मुळीच सोडायचा नाही. लोक वरचे हाड दाबतात आणि मिनिटा-मिनिटाला बोट काढून पाहतात, त्यामुळे रक्त थांबत नाही. सुमारे ९० टक्के रुग्णांत रक्त नाकाच्या पडद्याच्या पुढच्या भागातून, म्हणजे लिटल्स एरियातून येते. तेथे एवढा दाब बहुतेक वेळा पुरतो.

न थांबल्यास गुठळ्या काढून ऑक्सिमेटाझोलिनचा, म्हणजे रक्तवाहिन्या आकसवणाऱ्या औषधाचा, बोळा ठेव आणि रक्ताची जागा दिसली तर सिल्व्हर नायट्रेटने जाळ, परंतु पडद्याच्या दोन्ही बाजू एकाच वेळी जाळू नकोस, कारण पडद्याला भोक पडू शकते. त्यानेही भागले नाही तर पॅक घाल, म्हणजे नाकात गॉज ठासून भर. रक्तदाब वाढलेला दिसला म्हणून जिभेखाली निफेडिपिन हे रक्तदाब उतरवणारे औषध देण्याची आपल्याकडील घाई मला मुळीच पटत नाही. भीतीनेही तो वाढतो. मात्र रक्त पातळ करण्याची गोळी चालू आहे का, हे मराठी व कन्नड दोन्हींत विचार, कारण म्हातारे ती ‘हृदयाची गोळी’ एवढेच सांगतात.

खरी कसोटी नाकाच्या मागच्या भागातून येणाऱ्या रक्ताची. पुढून पॅक घालूनही रक्त घशात उतरत असेल तर १२ किंवा १४ नंबरचा फोलीज कॅथेटर (टोकाशी फुगा असलेली नळी) नाकातून, घशात टोक दिसेपर्यंत सरकव, फुगा सुमारे १० मिलि पाण्याने फुगवून पुढे ओढून बसव, पुढची पोकळी गॉजने भर आणि नळी धरून ठेवणाऱ्या क्लॅम्पखाली गादी ठेव, नाहीतर नाकपुडीची कड मरते. सलाइन चालू करून, ऑक्सिजनवर लक्ष ठेवून रुग्णाला बसवूनच बेळगावला पाठव. पावसाळ्यात तो रस्ता कसा असतो हे तुला सांगायला नको. म्हणून निर्णय लवकर घे.

निपाणीकडच्या तंबाखूच्या वखारीतील कामगार आणि तपकीर ओढणारे पुन्हा पुन्हा येतात. त्यांना व्हॅसलीन लावायला सांगून भागते. मात्र वयात आलेल्या मुलाच्या एकाच नाकपुडीतून वारंवार रक्त येत असेल व ती चोंदत असेल तर आत दिसणाऱ्या गाठीचा तुकडा काढू नकोस. ती अँजिओफायब्रोमा, म्हणजे रक्तवाहिन्यांनी भरलेली गाठ, असू शकते. थेट कान-नाक-घसा विभागात धाड.

घरी सर्वांना नमस्कार.

तुझा मित्र