पावसासोबत भरतीची वेळपण छापा

संपादक साहेब,
पावसाळा आला की आमच्या चिपळूणात जो तो किती मिलिमीटर पडला तेवढंच विचारतो, पण वाशिष्ठी नदीत दाभोळच्या खाडीकडून समुद्राची भरती येते हे कोण ध्यानातच घेत नाही. उन्हाळ्यात गोवळकोटच्या धक्क्यावर उभं राहून बघा, नारळाची झावळी उलटी वरच्या अंगाला वाहत जाताना दिसते. पावसात नदीला जोर असतो म्हणून खारं पाणी मागे रेटलं जातं, पण खाडीची लेव्हल चढली की नदीचा उतारच कमी होतो आणि वरून आलेलं पाणी पुढे न सरकता तुंबत बसतं. २२ जुलै २०२१ च्या पुरात घाटातला पाऊस तर होताच, शिवाय गुरुपौर्णिमा दोन दिवसांवर म्हणजे उधाणाचे, मोठ्या भरतीचे दिवस. भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते, त्यामुळे कालच्या अंदाजावर आज दुकान आवरून चालत नाही. तरी पावसाच्या आकड्यांशेजारी दाभोळच्या भरती-ओहोटीच्या वेळा रोज छापाल का? चार ओळींची तर जागा लागेल.

– एक दुकानदार, चिपळूण