प्रकल्प संपल्यावर संयंत्र कोण चालवणार?

संपादक महोदय,

परदेशी अर्थसाहाय्याच्या प्रकल्पाची बातमी आली की मथळ्यात रक्कम असते. नागपूर मेट्रोला जर्मनीच्या केएफडब्ल्यूने 50 कोटी युरो आणि फ्रान्सच्या एएफडीने 13 कोटी युरो कर्ज दिले, हे 2016 मध्ये सगळ्यांनी वाचले. नाग नदीच्या शुद्धीकरणासाठी जपानच्या जायकाचे कर्ज आणि नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पासाठी, म्हणजे पोकरासाठी, जागतिक बँकेचा पैसा या बातम्याही त्याच पठडीतल्या. पोकराच्या पहिल्या टप्प्यात नागपूर जिल्हा नव्हता. दुसऱ्या टप्प्यातील 21 जिल्ह्यांत तो आला आहे. अशा प्रकल्पांच्या कागदपत्रांत ‘क्षमता बांधणी’ नावाचे, म्हणजे काम पुढे आपल्याच माणसांना चालवता यावे म्हणून त्यांना तयार करण्याचे, एक प्रकरण असते. त्यात भूमिपूजन नाही, फीत नाही, त्यामुळे त्याची बातमीही होत नाही. कर्ज मात्र त्या प्रकरणासकट आपल्यालाच फेडायचे असते.

हे प्रकरण बहुतेक वेळा प्रशिक्षणार्थींच्या आकड्यावर उरकले जाते. इतक्या कार्यशाळा, इतके कर्मचारी, इतके शेतकरी, इतका खर्च. हजेरीपटावर सह्या भरल्या की उद्दिष्ट पूर्ण. शिकलेल्या माणसाला ते काम करण्याचे पद आहे का, अधिकार आहे का, लागणारे सुटे भाग आणि रसायने घ्यायला त्याच्या कार्यालयात लेखाशीर्ष, म्हणजे अंदाजपत्रकात त्या खर्चाची तरतूद, आहे का, हे तक्त्याच्या कोणत्याही रकान्यात येत नाही. यापैकी एक जरी नसले तरी प्रशिक्षण वाया जाते.

पूर्वी हे नीट झाले, त्याचे उदाहरण आपल्या प्रत्येक गावात उभे आहे. युनिसेफने 1960 च्या दशकाच्या अखेरीस कठीण खडक फोडणारी वेधन यंत्रे आणली आणि दख्खनच्या कातळात विंधन विहिरी होऊ लागल्या. त्यांवर बसवलेले ओतीव लोखंडाचे हातपंप एका घराच्या वापरासाठी बनवलेले होते. गावाच्या दिवसभराच्या रांगेपुढे ते टिकेनात. काही वर्षांत बहुतेक बंद पडले. त्याच काळात जालना आणि सोलापूर इथे स्थानिक कार्यशाळांत तयार झालेले पोलादी पंप मात्र चालत होते. सोलापूरचा नमुना पायाभूत धरून युनिसेफ, मद्रासची यांत्रिक संशोधन संस्था आणि रिचर्डसन अँड क्रुडास कारखाना यांनी ‘इंडिया मार्क टू’ घडवला. 1979 मध्ये त्याचे भारतीय मानक आले, आयएस 9301. तिथून पुढे कोणत्याही कारखान्याचा सिलिंडर, साखळी किंवा बेअरिंग दुसऱ्याच्या पंपाला बसू लागले. परदेशी पैसा पंप वाटण्याबरोबरच आराखडे, मापन साधने, कारखान्यांची पात्रता तपासणे आणि मालाची त्रयस्थ तपासणी यांवर खर्च झाला. पंप परदेशातून फुकट आले असते तर दुसऱ्याच वर्षी वॉशरसाठी आपण पुन्हा त्यांच्याच दारात उभे राहिलो असतो.

दुरुस्तीची रचनाही पंपाबरोबर आली. गावात एक राखणदार, जो साखळीला ग्रीस लावेल, नटबोल्ट आवळेल आणि बिघाड झाल्यास पत्ता छापलेले पोस्टकार्ड टाकेल, तालुक्याला मेकॅनिक, जिल्ह्याला गाडी आणि उचल साहित्यासह पथक. ही त्रिस्तरीय पद्धत तामिळनाडूत सुरू झाली आणि देशभर थोड्याफार फरकाने पसरली. तिचा कच्चा दुवाही लवकर दिसला. मार्क टूचा वॉशर बदलायचा तर सगळे पाइप वर काढावे लागतात, म्हणजे पथकाची गाडी येईपर्यंत पंप बंद. म्हणून 1980 च्या दशकात कोइमतूर परिसरात चाचण्या घेऊन ‘मार्क थ्री’ आला. त्याचा पाइप 65 मिलिमीटरचा, सिलिंडर वरून उघडा. दांड्यांबरोबर दट्ट्या आणि खालची झडप वर येते, पाइप जागेवरच राहतो. गावातली दोन-तीन माणसे साध्या पान्यांनी हे करू शकतात. चामड्याच्या वॉशरऐवजी नायट्राइल रबराचा आल्याने दुरुस्तीची पाळीही लांबली. तरी आजही मार्क टूच जास्त दिसतो. जाड पाइपामुळे मार्क थ्री महाग पडतो, आणि गाडी, पथक, साहित्य ही सगळी सरकारी व्यवस्था मार्क टूभोवती आधीच बसलेली होती. यंत्र गावाच्या हातात देता येण्याजोगे झाले, पण दुरुस्तीचा पैसा आणि निर्णय सरकारी पथकाकडेच राहिले. बाहेरून आलेली तांत्रिक मदत इतपतच पोहोचते. पुढचा निर्णय आपल्या शासनाचा असतो.

आता पोकराकडे. त्यातील सर्वांत मोलाची आणि सर्वांत सहज पातळ होणारी गोष्ट म्हणजे शेतीशाळा. ही पद्धत संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने 1989 मध्ये इंडोनेशियात भातावरील किडींसाठी सुरू केली आणि पुढे ती आशियाभर कपाशीत आली. मूळ नियम साधे आहेत. वीस ते पंचवीस शेतकरी, पेरणीपासून वेचणीपर्यंत दर आठवड्याला एकाच वावरात. एका तुकड्यावर नेहमीची पद्धत, शेजारच्या तुकड्यावर एकात्मिक पद्धत. पाच-पाच जणांचे गट झाडे मोजतात, किडी आणि मित्रकीटक वेगळे मोजतात, कागदावर झाड काढून त्यावर आकडे मांडतात आणि फवारायचे की थांबायचे हे सगळ्यांसमोर ठरवतात. कृषी सहाय्यक उत्तर सांगत नाही, प्रश्न विचारतो.

गुलाबी बोंडअळीसाठी यातून नेमके काय यायला हवे? हेक्टरी पाच कामगंध सापळे (मादीच्या गंधाने नर पतंग ओढणारे). सलग तीन रात्री सापळ्यात रोज आठ पतंग आले की उपाय. किंवा शेतातून वेगवेगळ्या झाडांची वीस हिरवी बोंडे फोडून पाहायची. दोनांत अळी दिसली तर नुकसानीची पातळी ओलांडली. हे दोन आकडे ऐकायला अर्धा मिनिट पुरतो. पण ल्यूर, म्हणजे सापळ्यातली गंधाची गोळी, ठरलेल्या मुदतीत बदलली नाही तर सापळा रिकामा दिसतो आणि शेतकरी निश्चिंत होतो. धुऱ्यावरचीच बोंडे तोडली तर मोजणी चुकते. वरून टवटवीत दिसणाऱ्या बोंडात अळी असते हे स्वतः फोडल्याशिवाय पटत नाही. हे हातात बसायला हंगाम लागतो. प्रत्यक्षात निधी उशिरा उतरतो, मार्चअखेर खर्च दाखवायचा असतो, मग पऱ्हाट्या उपटून झाल्यावर मंगल कार्यालयात दिवसभराची ‘शेतीशाळा’ होते. भाषण, जेवण, पिशवी, फोटो. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतील विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले. कधी फवारू नये हे ठरवता येणे ही विदर्भात चैनीची क्षमता नाही. नागपुरात केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे, केंद्रीय एकात्मिक कीड व्यवस्थापन केंद्र आहे. ऑक्टोबरात दहा शेतीशाळा निवडून तिथल्या शेतकऱ्यांना वीस बोंडे मोजायला लावावीत आणि किती जणांचा निर्णय बरोबर आला तेवढेच प्रसिद्ध करावे. प्रशिक्षणार्थींच्या एकूण आकड्यापेक्षा हा आकडा उपयोगाचा.

पोकराने पहिल्या टप्प्यात गावागावांत समूह सहाय्यक नेमले. ते कंत्राटी. पाण्याचा ताळेबंद, अर्जांची छाननी, ऑनलाइन नोंदी हे सगळे त्यांच्या बोटांवर. प्रकल्प संपला की कंत्राट संपते आणि गावाची माहिती त्यांच्याबरोबर जाते. महिला आर्थिक विकास महामंडळाच्या ‘तेजस्विनी’त वेगळा मार्ग घेतला गेला. आंतरराष्ट्रीय कृषी विकास निधीचे कर्ज होते, पण बचत गटांच्या महिलांनीच चालवायची लोकसंचालित साधन केंद्रे उभारली. गटांकडून वर्गणी, बँक कर्जजोडणीचे सेवाशुल्क यांतून व्यवस्थापक आणि सहयोगिनींचे मानधन भागवायचे आणि प्रकल्पाचा वाटा वर्षागणिक कमी होत जाईल, अशी ती रचना. सगळीच केंद्रे सारखी सक्षम झाली असे नाही. ज्यांच्या कार्यक्षेत्रात बँकांनी कर्जे दिली ती पायावर उभी राहिली, बाकीची धडपडत आहेत. तरी प्रकल्पाची मुदत 2018 मध्ये संपल्यावरही ही केंद्रे बंद झाली नाहीत.

सरकारी खात्यांत अडचण येते ती ‘प्रकल्प कक्षा’मुळे. कर्ज देणाऱ्याला वेगाने निविदा आणि स्वच्छ हिशेब हवे असतात, म्हणून खात्याच्या शेजारी वेगळा कक्ष, वेगळा पगार, सल्लागार. हे कक्ष काम करतात, पण खाते आहे तिथेच राहते. परदेशी मदत परिणामकारक कशी व्हावी याच्या 2005 च्या पॅरिस जाहीरनाम्यात असे समांतर कक्ष 2010 पर्यंत दोन तृतीयांशाने कमी करायचे ठरले होते. 2011 च्या पाहणीत जाहीरनाम्याच्या तेरा उद्दिष्टांपैकी एकच गाठलेले दिसले, आणि ते हे नव्हते. त्यात आपल्याकडे बदल्यांची भर. राज्याच्या 2005 च्या बदली कायद्याप्रमाणे सर्वसाधारण पदावधी तीन वर्षे. प्रकल्प सहा वर्षांचा. म्हणजे परदेशी अभ्यासदौरा करून आलेला अधिकारी निम्म्या वाटेवर दुसऱ्याच खात्यात. कक्ष जरूर ठेवा, पण त्यातली तांत्रिक पदे खात्याच्या कायम कर्मचाऱ्यांनी भरा आणि अभ्यासदौऱ्याला निवृत्तीला दोन वर्षे उरलेल्या साहेबांऐवजी तिथल्या पाळीवर उभा राहणारा कनिष्ठ अभियंता पाठवा.

नाग नदीच्या बाबतीत हे आत्ताच ठरवायला हवे, संयंत्र उभे राहिल्यावर नाही. लाव्हा परिसरात उगम पावून शहराची घाण घेऊन ही नदी कन्हानला आणि पुढे वैनगंगेला मिळते. गोसीखुर्दच्या जलाशयापर्यंत तिचा परिणाम जातो. सांडपाणी संयंत्राचे बांधकाम त्यामानाने सोपे. अवघड आहे ते रोजचे चालवणे. बीओडीची, म्हणजे पाण्यातल्या सेंद्रिय घाणीची, चाचणी आपल्याकडे 27 अंश सेल्सिअसला तीन दिवसांची. निकाल येईपर्यंत तीन दिवसांचे पाणी नदीत गेलेले असते. म्हणून पाळीवरच्या माणसाला एक लिटरच्या मापात गाळ 30 मिनिटांत किती बसतो हे पाहून, विरघळलेला ऑक्सिजन लिटरमागे साधारण 2 मिलिग्रॅमच्या खाली जातो का हे बघून, फेसाच्या रंगावरून आणि वासावरून तिथल्या तिथे निर्णय घ्यावा लागतो. रात्री वीजबिल वाचवायला ब्लोअर (टाकीत हवा सोडणारी यंत्रे) बंद ठेवले, किंवा गाळ वेळेवर बाहेर काढला नाही, की जिवाणू मरतात, गाळ तरंगतो आणि पुन्हा घडी बसायला आठवडे लागतात. हे ज्ञान इंग्रजी मॅन्युअलच्या कपाटात राहून चालणार नाही.

ठेकेदाराने काही वर्षे चालवून मग मनपाकडे द्यायचे, अशी पद्धत आली तर ते ज्ञान ठेकेदाराच्या माणसांबरोबर जाईल. त्यामुळे हस्तांतराच्या किमान दोन वर्षे आधी मनपाचा माणूस प्रत्येक पाळीत बरोबरीने हवा. त्याचे गणितही सोपे आहे. आठवड्याच्या 21 पाळ्या, एका माणसाच्या सहा. साडेतीन माणसे, रजा धरून चार. म्हणजे प्रत्येक संयंत्रावर एका जागेसाठी चार ऑपरेटर, त्याशिवाय रसायनतज्ज्ञ आणि विद्युत व यांत्रिक कर्मचारी. ही पदे मनपाच्या आकृतिबंधात, म्हणजे पदांच्या तक्त्यात, मंजूर आहेत का? सेवाप्रवेश नियमांत त्यांची अर्हता लिहिली आहे का? वीज, रसायने, डिफ्यूझर आणि सीलसाठी वेगळे लेखाशीर्ष आहे का? हस्तांतराच्या आधी ठेकेदाराला महिनाभर बाजूला ठेवून मनपाच्या माणसांनी संयंत्र चालवावे आणि त्या महिन्याचे पाण्याचे निष्कर्ष पाहूनच शेवटचे देयक द्यावे, अशी अट करारात टाकता येते. भांडेवाडीचे प्रक्रिया केलेले पाणी कोराडीच्या वीजकेंद्राला जाते. इथेही पाणी विकले गेले तर त्या उत्पन्नातला ठरावीक वाटा देखभालीसाठी राखता येईल.

परदेशी हात कधीही निघू शकतो, हे 2025 मध्ये अमेरिकेची मदतसंस्था यूएसएड बंद झाल्यावर अनेक देशांतल्या दवाखान्यांनी अनुभवले. आपल्याकडे पोलिओच्या कामात त्याची तयारी आधीच झाली होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या साथीने 1997 पासून उभारलेले लुळेपणाच्या रुग्णांच्या सर्वेक्षणाचे जाळे (14 दिवसांच्या आत, 24 तासांच्या अंतराने शौचाचे दोन नमुने, शीतसाखळीतून प्रयोगशाळेत) 2011 नंतर रुग्ण नसतानाही मोडले नाही. ते गोवर-रुबेलाच्या कामाला लागले.

नाग नदीच्या संयंत्रांवरील पदांचा मंजूर आकृतिबंध आणि पोकराच्या शेतीशाळांचे तारखांसह वेळापत्रक, या दोन गोष्टी मनपा आयुक्त आणि जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी यांनी प्रसिद्ध कराव्यात, अशी मागणी आहे. आपल्या वार्ताहरांनीही पुढच्या पत्रकार परिषदेत रकमेच्या आधी या दोन कागदांची प्रत मागावी.

— एक वाचक, धरमपेठ, नागपूर